संकटकाळी देवाला शरण जाणे म्हणजे काय?



रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाबाहेर एक बाक असतो. त्या बाकावर रात्र काढण्याची पाळी आपल्यापैकी पुष्कळांवर येऊन गेली असेल. आत आपले माणूस, बाहेर आपण, आणि मध्ये एक बंद दार. डॉक्टर बाहेर येतात, दोन वाक्ये बोलतात आणि निघून जातात. अशा वेळी भेटीला आलेले कोणी वडीलधारे खांद्यावर हात ठेवून म्हणतात, "आता सगळे त्याच्या हाती. देवाला शरण जा." बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो यात शंका नाही. पण ऐकणाऱ्याने नेमके करायचे काय?

एक जण मनातल्या मनात नवस बोलतो. दुसरा म्हणतो, आता व्हायचे ते होणार. आणि डॉक्टरांना पुढचे विचारायचेही सोडून देतो. तिसऱ्याच्या मनात देवाविषयी राग उसळलेला असतो. पण असा राग म्हणजे पाप, या भीतीने तो ओठ मिटून बसतो. चौथा उठून चालू लागतो. ऐन दुःखात आपल्याला नमते घ्यायला सांगितले, हे त्याला सोसत नाही. चौघांनी एकच शब्द ऐकला आणि त्याचे चार अर्थ केले. यांतला शरण गेलेला कोणता? माझ्या मते कोणताच नव्हे. का नव्हे, तेवढेच आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

प्रथम चौथ्याचे ऐकून घेऊ, कारण त्याची अडचण शब्दाची आहे आणि ती खरी आहे. मराठीत आपण 'शरण' हा शब्द दोन ठिकाणी वापरतो. किल्ल्याला वेढा पडतो, दाणागोटा संपतो, आणि किल्लेदार हत्यार खाली ठेवून किल्ल्या शत्रूच्या हवाली करतो. तो शरण जातो. या शरण जाण्यात पराभव आहे, मान खाली घालणे आहे. हाच शब्द आपण देवापुढेही वापरतो, आणि मग पहिल्या अर्थाची सावली दुसऱ्यावर पडते. देव हा जणू वेढा घालून बसलेला कोणी बलाढ्य सरदार, आणि संकट हा त्याचा तोफखाना! असल्या देवापुढे मान तुकवायला स्वाभिमानी माणूस कचरला, तर त्याला नास्तिक म्हणून हिणवण्याचे कारण नाही.

पण मूळ संस्कृतात 'शरण' या शब्दाचा अर्थ पाहिला म्हणजे हे मळभ दूर होते. शरण म्हणजे आसरा, निवारा. कोशांत त्याचा अर्थ चक्क 'घर' असाही दिला आहे. वळवाचा पाऊस आला म्हणजे अंगणात खेळणारे पोर घराकडे धावते. ते पावसापुढे हरले असे कोणी म्हणत नाही. शरण जाणे म्हणजे मुळात आपल्या घरी जाणे. बाराव्या शतकात बसवेश्वरांच्या अनुयायांनी स्वतःला 'शरण' म्हणवून घेतले, ते मोठ्या अभिमानाने. इस्लाम या नावातच ईश्वराच्या इच्छेला वाहून घेण्याचा अर्थ आहे. आणि महाराष्ट्राच्या भूमीवरचा सर्वांत मोठा दाखला १४ ऑक्टोबर १९५६ चा आहे. नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मागोमाग लाखो माणसांनी बुद्ध, धम्म आणि संघ यांना शरण जात असल्याचे उच्चारले. तेथे ईश्वराचा प्रश्नच नव्हता, ही गोष्ट खरी. पण शब्द हाच होता. ती माणसे तो शब्द उच्चारून वाकली की ताठ उभी राहिली? उत्तर आपल्या डोळ्यांपुढे आहे. तेव्हा शरण जाण्यात मानहानी असलीच पाहिजे, हा समज आपण बाजूला ठेवू.

आता शास्त्राकडे वळू. संकटात सापडल्यावर देवाची आठवण होणे हे हलक्या प्रतीचे, असे कित्येकांना वाटते. सुखात विसरला आणि दुःखात आठवला, हा कसला भक्त! भगवद्गीतेचा सूर मात्र असा नाही. सातव्या अध्यायात भक्तांचे चार प्रकार सांगितले आहेत. त्यांत पहिला मान आर्ताचा, म्हणजे पीडिताचा आहे. पुढे ज्ञानी भक्त श्रेष्ठ ठरवला असला, तरी चारही भक्तांना उदार म्हटले आहे. पीडिताला दारातून परत पाठवलेले नाही.

श्रीवैष्णव संप्रदायात शरणागतीचा जितका बारकाईने विचार झाला, तितका क्वचितच अन्यत्र झाला असेल. तेथे तिची सहा अंगे मानतात. जे देवाला अनुकूल ते करण्याचा संकल्प, जे प्रतिकूल ते टाकणे, तो रक्षण करील हा भरवसा, रक्षक म्हणून त्याला पसंत करणे, स्वतःला त्याच्या स्वाधीन करणे, आणि कार्पण्य. या शेवटच्या शब्दाने आपण थबकतो, कारण मराठीत कार्पण्य म्हणजे कंजूषपणा. येथे तो अर्थ नाही. आपल्या बळाचा, विद्येचा, पुण्याचा ताठा सोडून देणे, याला येथे कार्पण्य म्हटले आहे. आपण ज्याला नम्रता म्हणतो ती हीच.

परंतु मला लक्ष वेधावयाचे आहे ते पहिल्या अंगाकडे. देवाला अनुकूल वागावयाचे म्हणजे काय करावयाचे? 'लक्ष्मीतंत्र' नावाच्या आगमग्रंथात याचा उलगडा केला आहे. देव सर्व भूतांच्या ठायी आहे. म्हणून सर्व भूतांशी अनुकूलपणे वागणे, हेच देवाला अनुकूल असणे. म्हणजे पाहा, शरणागतीची पहिली पायरी देवघरात नाही. ती शेजाऱ्याच्या दाराशी आहे. शास्त्रकारांनी हे सूत्ररूपाने सांगितले. आपल्या येथे एका माणसाने ते आयुष्यात करून दाखवले. तो माणूस शास्त्री नव्हता. देहूचा वाणी होता.

तुकोबांचे चरित्र आपणा सर्वांना ठाऊक आहे, म्हणूनच त्यातला एक प्रसंग जरा थांबून पाहण्याजोगा आहे. घराणे देहूच्या महाजनांचे. व्यापार, शेती, सावकारी सारे होते. वडीलभाऊ सावजी विरक्त वृत्तीचा, त्यामुळे संसाराचा भार लहान वयातच तुकोबांवर पडला. आईवडील गेले. सावजीची पत्नी वारली आणि तो घर सोडून गेला. आणि अशा मोडत्या संसारावर १६३० च्या सुमाराचा तो भयंकर दुष्काळ कोसळला.

त्या दुष्काळाची कल्पना आज करवत नाही. दख्खन आणि गुजरात या दोन्ही मुलखांत पावसाने दगा दिला होता. शाहजहानच्या दरबारी इतिहासकाराने, अब्दुल हमीद लाहोरीने, लिहून ठेवले आहे की पिठात हाडांचा भुगा मिसळून विकला जाई. सुरतेहून आग्र्याकडे निघालेला पीटर मंडी हा इंग्रज प्रवासी वाटेवर पडलेल्या प्रेतांचे वर्णन करतो. त्यात मुलखात लढायाही चालूच. बादशहा तेव्हा बऱ्हाणपुरास तळ देऊन होता; त्याने तेथे अन्नछत्रे घातली. पण बऱ्हाणपूरच्या अन्नछत्राचा घास देहूपर्यंत कसा पोचणार? शिवाजीमहाराजांचा जन्म शिवनेरीवर फेब्रुवारी १६३० मधला. म्हणजे ज्या वर्षी तिकडे पाळणा हलला, त्याच सुमारास इकडे इंद्रायणीकाठी माणसे अन्नान्न करून मरत होती.

तुकोबांची पहिली पत्नी रखमाबाई या दुष्काळात गेली, आणि पाठोपाठ मुलगा संतूही. तुकोबांनी आपल्या एका आत्मचरित्रपर अभंगात हे स्वतः सांगितले आहे. बायको अन्न मागत मागत मेली, याची आपल्याला लाज वाटली, असे ते म्हणतात. दुःख झाले, एवढेच म्हणत नाहीत. लाज वाटली म्हणतात. ज्याच्या घरात धान्याची मापे चालत, त्याच्या घरची बाई भुकेने गेली. व्यापार बुडाला, पत गेली, चार लोकांत तोंड दाखवायला जागा उरली नाही. बाकावर बसलेल्या आपल्या चौघांहून या माणसाची स्थिती कोणत्याही दृष्टीने बरी नव्हती.

मग त्यांनी काय केले? प्रथम ते डोंगरावर जाऊन एकटे बसले. देवाला भेटल्यावाचून खाली यावयाचे नाही, अशा निश्चयाने. येथपर्यंतची कथा जगातील अनेक साधकांची आहे. खरी गोष्ट पुढची आहे. परंपरा असे सांगते, आणि महिपतीने अठराव्या शतकात ते विस्ताराने लिहिले आहे, की धाकटा भाऊ कान्होबा त्यांना शोधत आला, दोघे इंद्रायणीच्या काठी आले, आणि तुकोबांनी घरातली कर्जखते आणवली. वडिलांच्या वेळेपासून गावच्या आणि आसपासच्या लोकांना दिलेल्या कर्जाचे ते कागद. कान्होबा म्हणाला, तू साधू झालास, पण मला मुलेबाळे आहेत. तेव्हा कागदांचे दोन वाटे झाले. कान्होबाचा वाटा कान्होबाला दिला आणि आपल्या वाट्याची खते तुकोबांनी डोहात सोडून दिली.

आपण ही गोष्ट ऐकतो, त्यागाची महती म्हणून मान डोलावतो, आणि पुढच्या प्रसंगाकडे जातो. पण ती खते कोणाची होती, याचा विचार करा. कर्जदार कोण? त्याच दुष्काळात सापडलेले कुणबी, कारागीर, लहानसहान दुकानदार. त्यांच्याही घरी कोणी अन्न मागत मेले असेल. खत हा कायदेशीर हक्क होता. धंदा बुडालेल्या सावकाराने अशा वेळी खते बाहेर काढावीत, तगादा लावावा, जमीन नावावर करून घ्यावी, ही जगाची रीत. तुकोबांना पैशाची निकड नव्हती असे नाही. उलट कधी नव्हती इतकी होती. ज्या वेळी येणे वसूल करण्याचे सर्वांत मोठे कारण होते, नेमक्या त्याच वेळी त्यांनी येणे सोडले.

हे त्यांनी तेव्हाच का केले? मला याचे उत्तर असे दिसते. संकटात माणसाच्या मनात एक खाते उघडते. मी कोणाचे काय वाईट केले होते? मी इतके केले, त्याचे हे फळ? देवाकडे माझे काही येणे आहे आणि तो ते बुडवतो आहे, ही ती भावना. शरण जाणे म्हणजे हे खाते मिटवणे. माझे देवाकडे काही येणे नाही. जे आहे ते त्याने दिलेले आहे. असे म्हणणे तोंडाने सोपे आहे. पण जो देवाकडचे खाते मिटवले म्हणतो आणि शेजाऱ्याकडचे कवडीकवडीने लिहून ठेवतो, त्याने खरोखर काहीच मिटवलेले नसते. देवाकडची वही आपल्याला दिसत नाही, शेजाऱ्याकडची दिसते. म्हणून तुकोबांनी दिसणारी वही बुडवली. देवापुढची नम्रता खरी की खोटी, हे आपल्या हाताखालच्या, आपल्या देण्यात असलेल्या माणसाशी आपण कसे वागतो यावरून कळते. मला आज सांगावयाचे आहे ते एवढेच. बाकीचे सारे विवेचन याच्या भोवतीचे आहे.

दोन गोष्टी मात्र येथेच नोंदवल्या पाहिजेत. पहिली, कान्होबाचा वाटा तुकोबांनी बुडवला नाही. दुसऱ्याच्या पैशावर उदार होणे हा त्याग नव्हे. माझ्या शरणागतीची किंमत मी भरावी. ती भावावर लादण्याचा मला अधिकार नाही. दुसरी गोष्ट याच्या उलट बाजूची आहे आणि ती सांगताना संकोच करण्याचे कारण नाही. तुकोबांची दुसरी पत्नी जिजाबाई हिच्या वाट्याला जे आले, ते तिला विचारून आले नव्हते. रिकाम्या घरात चूल पेटवायची, मुले वाढवायची, आणि डोंगरावर बसलेल्या नवऱ्याला भाकरी नेऊन द्यायची, हे काम तिने केले. कीर्तनात तिला भांडखोर म्हणून रंगवून आपण हसतो. पण घरातला एक जण देवाला शरण जातो तेव्हा पीठ-मिठाची चिंता कोणावर पडते, हे पाहावयास नको काय? त्या बाईची कुरकुर हा त्या त्यागाच्या हिशेबातला एक खरा आकडा आहे. तो वगळून बेरीज बरोबर येणार नाही.

आता आपण बाकावरच्या पहिल्याकडे येऊ. तो नवस बोलला होता. हे होऊ दे, मग मी ते करीन. यात प्रेम नसते असे मी म्हणत नाही; घाबरलेल्या आईच्या तोंडून नवस निघतो तेव्हा तो हिशेब नसतो, आकांत असतो. पण नवसाचा घाट सौद्याचा आहे. माल हाती आला म्हणजे पैसे देईन. तुकोबा स्वतः व्यापारी होते. सौदा कशाला म्हणतात हे त्यांना कोणी शिकवायला नको होते. म्हणूनच बहुधा, नवसाने मुले होतात असे मानणाऱ्यांची त्यांच्या नावावर प्रसिद्ध असलेल्या एका अभंगात रोखठोक थट्टा आहे. सौद्यात दोन्ही पक्ष बरोबरीचे असतात आणि व्यवहार फिसकटला तर दोघे आपापल्या वाटेने जातात. घर आणि दुकान यांत फरक आहे तो हाच. दुकानात गिऱ्हाईक मालासाठी जाते. घरी आपण काही मिळो वा न मिळो, जातो. व्यापार बुडाला, दुष्काळाने छळले, जनात अपमान झाला, हे सारे बरेच झाले, असे पुढे तुकोबा देवाला म्हणू शकले. या म्हणण्यात सौद्याचा मागमूसही नाही.

तिसऱ्याचे दुःख अधिक खोल आहे. त्याला देवाचा राग आला आहे आणि तो राग गिळून तो बसला आहे. नम्रता म्हणजे मुकेपणा, अशी त्याची समजूत. त्याने तुकोबांची गाथा चाळावी. देवाशी इतके मोकळेपणाने भांडलेला माणूस मराठीत दुसरा दाखवणे कठीण. ते देवाला निष्ठुर म्हणतात, कृपण म्हणतात, त्याच्या असण्यावरच शंका घेतात. अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या, तेव्हा ते गप्प घरी जाऊन बसले नाहीत; तेरा दिवस अन्नपाण्यावाचून देवाच्या दारात पडून राहिले, असे चरित्रकार सांगतात. ही शरणागतीच होती. भांडण घरच्या माणसाशीच होते. परक्याशी आपण फार तर पत्रव्यवहार करतो.

ही गोष्ट आपल्याच परंपरेत आहे असे नव्हे. यहुद्यांच्या धर्मग्रंथातील ईयोबाची कथा पाहा. गुरेढोरे गेली, मुले गेली, अंगभर फोड उठले. त्याला भेटायला मित्र येतात आणि समजावतात, तुझे काही पाप असले पाहिजे. नम्र हो, कबूल कर. ईयोब कबूल करीत नाही. तो देवाला जाब विचारतो. शेवटी देव बोलतो, आणि ईयोब त्याच्या अपार सामर्थ्यापुढे नमतो. पण देव रागावतो तो मित्रांवर. माझ्याविषयी खरे बोलला तो ईयोब, तुम्ही नव्हे, असा निवाडा देतो. येशू ख्रिस्तानेही अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत आधी स्पष्ट मागितले की हे दुःख माझ्यापासून टळो. तुझ्या इच्छेप्रमाणे होवो, हे त्यानंतर. आधी मागणे, मग सोपवणे. जे मागितलेच नाही ते सोपवणार कसे? म्हणून बाकावरच्या त्या तिसऱ्याला मी म्हणेन, राग आला असेल तर बोला. ज्याला शरण जायचे त्याच्यापासून मन लपवून शरण जाता येत नाही.

राहिला दुसरा, हात गाळून बसलेला. त्याच्यासाठी पुन्हा श्रीवैष्णवांकडे जावे लागेल. त्यांच्यात यावरून दोन पक्षच पडले. माकडिणीचे पिलू आईच्या पोटाला स्वतः घट्ट धरून राहते. मांजरीचे पिलू काहीच करीत नाही, आईच त्याला तोंडात धरून नेते. जीवाने माकडाच्या पिलासारखे असावे की मांजराच्या? उत्तरेकडच्या पक्षाने माकडाचा दृष्टान्त घेतला, दक्षिणेकडच्याने मांजराचा. हा वाद शतकानुशतके चालला. पण एक गोष्ट विसरू नये. हा वाद मोक्ष कसा मिळतो याबद्दलचा आहे. तापाला औषध घ्यावे की नाही, याबद्दलचा नव्हे. मांजराचा दृष्टान्त मानणारे आचार्यही शेत नांगरू नका, आजाऱ्याची शुश्रूषा करू नका, असे सांगत नव्हते. फळ त्याच्या हाती आहे; काम आपल्या हाती आहे. फळाची चिंता सोपवायची असते, काम नव्हे.

याचा आपल्या जवळचा दाखला द्यावयाचा तर अशा वसंत व्याख्यानांची परंपरा पुण्यात १८७५ साली ज्यांनी सुरू केली, त्या न्यायमूर्ती रानड्यांचाच द्यावा लागेल. रानडे प्रार्थना समाजाचे. उपासनेत प्रवचने करीत. पहाटे तुकोबांचे अभंग म्हणताना ते कसे तल्लीन होत, हे रमाबाईंनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. १८७६ ते १८७८ मध्ये दख्खनवर पुन्हा मोठा दुष्काळ आला. त्या वेळी पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती गोळा केली, लोकांचे हाल आकडेवारीनिशी सरकारपुढे मांडले. त्या कामामागे रानड्यांची बुद्धी होती. पहाटे देवापुढे डोळे पुसणारा माणूस दुपारी दुष्काळाचे कोष्टक मांडीत होता. त्याला यात विरोध वाटला नाही. मला तर वाटते, पहाटेचे खरे होते म्हणूनच दुपारचे झाले.

आणि फार मागे जायलाही नको. २०२० साली साथ पसरली तेव्हा आषाढीची पायी वारी निघाली नाही. देहू आणि आळंदीच्या पादुका मोजक्या माणसांबरोबर एस.टी.च्या बसने पंढरपूरला गेल्या. आयुष्यभर एकही वारी न चुकवलेली माणसे त्या वर्षी घरी बसली. आम्ही देवाचे, आम्हांला काय होणार, असे म्हणणे त्यांना सोपे होते आणि ते भक्तीसारखे दिसलेही असते. पण त्यात आपल्या भक्तीचा ताठा असता, आणि वाटेवरच्या गावांच्या जिवाशी खेळ असता. सर्व भूतांशी अनुकूल असणे म्हणजे काय, हे त्या वर्षी वारी न करणाऱ्या वारकऱ्यांनी दाखवले. शरण जाण्यासाठी कधी चालत जावे लागते. कधी उंबरठ्याच्या आत थांबावे लागते.

श्रोतेहो, आपल्यात असेही कोणी असतील की ज्यांचा देवावर विश्वास नाही. त्यांनी मला विचारावे की यात आमच्यासाठी काय? मी त्यांना देव पटवून देण्याच्या भरीस पडणार नाही. पण संकटात त्यांच्याही मनात ते खाते उघडतेच: मलाच का? माझ्याकडून कोणी काय घेतले? ते खाते मिटवण्याचा मार्ग त्यांनाही तोच आहे. समजा, एखाद्या गल्लीतल्या किराणा दुकानदाराचा धंदा बसला आहे. उधारीची वही त्याच्यासमोर आहे. तिच्यात एक नाव असे आहे की त्या घरचा कमावता माणूस गेला. त्या नावापुढची रक्कम तो खोडतो. त्याने देवाचे नाव घेतले असो वा नसो, तुकोबा त्याला आपल्यातलाच मानतील, असा माझा भरवसा आहे.

शेवटी पुन्हा त्या बाकाकडे. आपण त्या बाकावर असू तेव्हा काय करावे, हे पाहिले. डॉक्टरांना विचारावयाचे ते विचारावे; देवापाशी मागावयाचे ते मागावे; राग असेल तर तोही त्याच्यापुढे ठेवावा; आणि मग फळ त्याच्यावर सोपवावे. हे चालले असताना शेजारच्या बाकावर कोणी परगावचे माणूस एकटे बसले असेल, तर आपल्या डब्यातली अर्धी पोळी त्याच्यापुढे करावी. आपली वही मिटली की नाही, हे त्या अर्ध्या पोळीवरून कळेल.

पण आपण पुष्कळदा त्या बाकावर नसतो. भेटायला गेलेले असतो. त्या वेळेसाठी एक सांगून मी खाली बसतो. इंद्रायणीच्या काठी तुकोबांनी आपल्या कर्जदारांना 'देवाला शरण जा' असा उपदेश केला नाही. शरण ते स्वतः गेले. कर्जदारांच्या वाट्याला त्यांनी सुटका ठेवली. ईयोबाचे मित्र चुकले ते येथेच. नम्रता ही दुसऱ्याला नेमून देण्याची वस्तू नाही. म्हणून पुढच्या वेळी अशा कोणाला भेटायला गेलात, तर ते वाक्य मनात ठेवा आणि स्वतःला सांगा. त्या माणसाला मात्र एवढेच विचारा, "तुम्ही जेवलात का? मी बसतो येथे. तुम्ही तासभर पडा."